सकाळी सोनं, दुपारी पितळ: कोटरमधली पाण्याची मेटॅलिक शाई मधेच का उतरते

दिवाळीला दोन महिने राहिले की माझा फोन वाजायला लागतो. वाळूज, चिकलठाणा, जालना, कधी लातूर. तक्रार एकच: "काका, सकाळी सोनं एक नंबर होतं, जेवणाच्या सुट्टीनंतर उतरलं." मिठाईचा डबा असो, अत्तराचं खोकं असो की दारूच्या बाटलीचं कार्टन, पहिल्या हजारभर शीट पैठणीच्या जरीसारख्या झळकतात आणि दुपारपर्यंत तोच रंग वर्षभर न घासलेल्या समईसारखा दिसायला लागतो. मग शेठ शाईवाल्यावर ओरडतो, शाईवाला मशीनमनवर ढकलतो आणि मशीनमन कागदाला नावं ठेवतो.

सोनेरी शाईत सोनं नसतंच. तांबं आणि जस्त यांच्या मिश्रधातूचे अतिबारीक, चपटे कण असतात. तांबं जास्त तर लालसर सोनं, जस्त वाढलं तर पिवळसर. चंदेरी शाईत ॲल्युमिनियम. त्यामुळे 'सोन्याचं पितळ झालं' ही तक्रार मी मनावर घेत नाही, पहिल्या शीटपासून ते पितळच असतं. सकाळी चमकलं ते दुपारी का चमकत नाही, एवढाच आपला प्रश्न.

हे लिहितोय ते शीटफेड ऑफसेटवर शेवटी कोटर युनिट (छापलेल्या शीटवर वार्निश किंवा शाईचा थर देणारा भाग) असलेल्यांसाठी, जिथे मेटॅलिक शाई चेंबरमधून ॲनिलॉक्सवर (बारीक खड्ड्यांत शाई मोजून घेणारा रोलर) आणि तिथून पॉलिमर प्लेट किंवा ब्लँकेटवरून कागदावर जाते. ऑफसेटच्या नेहमीच्या शाईपात्रात, म्हणजे डक्टमध्ये, घालायच्या तेलाच्या मेटॅलिकचं दुखणं वेगळं. त्या शाईला रोलरांच्या रांगेतून जावं लागतं, म्हणून तिचे कण फार बारीक आणि थर पातळ ठेवावा लागतो. कोटरमध्ये मोठा कण आणि जाड थर चालतो, म्हणून चमक जास्त. पण वाहक पाणी आहे, आणि पाण्याचे नखरे आपल्याला सांभाळावे लागतात.

आधी लक्षण ओळखा

चमक शीटभर सारखी आणि हळूहळू उतरत असेल तर तो आपला मुख्य रोग. तळाला बसलेला धातू, घट्टपणा, पीएच (आम्ल-अल्कलीचं माप), बुजलेला ॲनिलॉक्स, याच क्रमाने संशय घ्यायचा.

कागद जातो त्या दिशेला एक रेघ, प्रत्येक शीटवर त्याच जागी: ॲनिलॉक्सवरची जादा शाई पुसणाऱ्या ब्लेडखाली काहीतरी अडकलंय. शाईला दोष देऊ नका.

आडवे पट्टे, ठरावीक अंतरावर: गिअर, बेअरिंग किंवा प्रेशर. हे बहुतेक आपल्या हातातलं नसतं, शेवटी बघू.

टाचणीच्या टोकाएवढी भोकं, दर शीटला जागा बदलणारी: फेस, नाहीतर आधीच्या पासची स्प्रे पावडर (शीट चिकटू नयेत म्हणून उडवलेली).

ढगाळ चट्टे: कागदाचा शोषकपणा.

बोटाला सोनं लागणं: पाणी घालून घालून शाईतला बांधणारा रेझिन पातळ झालाय, किंवा थर वाळलेला नाही. तिसरी शक्यता म्हणजे शाईच लीफिंग जातीची आहे. लीफिंगचे कण वर तरंगतात, म्हणून आरशासारखे चमकतात आणि म्हणूनच घासले की निघतात. जॉबला घासणं सोसायचं असेल किंवा वरून दुसरा रंग, वार्निश यायचं असेल तर नॉन-लीफिंगच मागवायची होती. ही चूक मशीनवर दुरुस्त होत नाही.

सोनं हिरवट पडलंय, शाई दह्यासारखी जमलीय, किंवा चंदेरीचा डबा फुगलाय: पुढचं काही करू नका, थेट 'कुठे थांबायचं' हा भाग वाचा.

लक्षण बघताना एक पथ्य पाळा. दर ५०० शीटला एक शीट काढून मागे नंबर टाका आणि सगळ्या एकाच खिडकीजवळ, एकाच कोनात धरून बघा. मेटॅलिक कोन बदलला की रंग बदलतं. साध्या डेन्सिटोमीटरचा आकडा इथे फसवतो, कारण आरशासारख्या थरावरचा बराचसा प्रकाश त्याच्या डोळ्यात येतच नाही. जॉबच्या पहिल्या दिवशीची मंजूर शीट काळ्या पाकिटात जपून ठेवा. 'काल बरं होतं' ही आठवण कुणाचीच खरी नसते, माझीही नाही.

पहिली तपासणी: ढवळा

फुकट आहे, म्हणून कुणी करत नाही. सोनेरीतल्या मिश्रधातूची घनता साधारण ८.५, पाण्याची १. म्हणजे सोनं बुडायलाच बसलेलं असतं. चंदेरीतलं ॲल्युमिनियम २.७, त्यामुळे ते जरा हळू बसतं. जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास बादलीतून चेंबरला शाई देणारा पंप बंद ठेवला तर धातू बादलीच्या तळाशी आणि वरच्या पातळ पाण्यातून सोन्याऐवजी उसाचा रस छापला जातो.

लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या फळीने तळ खरवडत, हळू, पाच मिनिटं ढवळा. ड्रिल मशीनला पातं लावून घुसळू नका. चपटे कण त्यात वाकतात, तुटतात, आणि गेलेली चमक परत येत नाही. शिवाय फेस होतो तो वेगळाच. सुट्टीत पंप हळू चालू राहू द्या. वाळूजला एका ठिकाणी संध्याकाळपर्यंत माझी वाट बघत मशीन थांबवून ठेवलं होतं. मी जाऊन फळी फिरवली आणि चहा पिऊन परत आलो.

दुसरी: कप आणि थर्मामीटर

कोटरजवळ घट्टपणा मोजायचा, चार मिलिमीटर भोकाचा कप टांगलेला असतोच (भरलेली शाई किती सेकंदांत गळते ते बघायचं), बहुतेक ठिकाणी वाळलेल्या शाईने बुजलेला. भोक दोन-तीन दशांशाने अरुंद झालं की सेकंद वाढतात आणि माणूस पाणी घालतो. आधी कप धुवा. मग मोजा. किती सेकंद पाहिजेत ते शाईच्या माहितीपत्रकात असतं. मी वापरलेल्या बहुतेक शाया डिन ४ कपला २५ ते ३५ सेकंदांत बऱ्या चालल्या, पण तुमच्या पत्रकातला आकडा तोच खरा.

सोबत थर्मामीटर बुडवाच. मे महिन्यात आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये पारा ४० च्या वर असतो. गरम शाई कपातून भराभर धावते आणि पातळ वाटते. तीच शाई पहाटेच्या पाळीत घट्ट. २० किंवा २५ अंशांना मोजलेला आकडा आणि ३८ अंशांना मोजलेला आकडा एकमेकांशी ताडून बघण्यात अर्थ नाही. वहीत सेकंदांशेजारी अंश लिहा.

घट्टपणा एवढा महत्त्वाचा का? चमक येते ती कण कागदाला समांतर, आडवे झोपले तर. गच्चीवर वाळत घातलेले पापड आठवा. सपाट पसरले की सगळ्यांवर सारखं ऊन पडतं, उभे-आडवे एकमेकांवर पडले की अर्धे सावलीत. फार घट्ट शाईत कणांना झोपायला वेळच मिळत नाही. फार पातळ शाईत त्यांच्यात अंतर पडतं आणि खालचा कागद डोकावतो.

तिसरी: पाणी घालण्याआधी पीएच

माझं सगळं भांडण या एका मुद्द्यावर आहे.

दुपारी काय होतं ते बघा. हवा कोरडी, शेडमध्ये पंखे, बादली उघडी. शाईतलं पाणी उडतं, पण त्याच्यासोबत पीएच वर ठेवणारं अमाइनही उडतं. ही शाई ॲक्रिलिक रेझिनवर बनते आणि ते रेझिन जरा अल्कधर्मी पाण्यातच नीट विरघळलेलं राहतं. अमाइन उडालं की पीएच उतरतो, रेझिन आकसायला लागतं, शाई घट्ट होते. मशीनमनला दिसतो फक्त घट्टपणा. तो तांब्याभर पाणी ओततो. कप बरोबर येतो. पण पीएच होता तिथेच, आणि आता धातू कमी, रेझिन कमी. अर्ध्या तासात पुन्हा घट्ट, पुन्हा तांब्या. संध्याकाळपर्यंत बादलीत जे उरतं त्याला शाई म्हणायची लाज वाटते. चिकलठाण्याला एका जुन्या मशीनवरचे चाचा मला म्हणाले होते, "उस्ताद, मैं तो सिर्फ पानी डाला." तेच तर.

पीएच पट्ट्या किंवा हातातला मीटर घ्या. धातूने पट्टीचा रंग झाकला जातो, म्हणून पट्टीच्या मागच्या बाजूने वाचा. मीटरचं टोक दरवेळी धुवा, नाहीतर त्यावर धातूची साय बसते आणि आकडा तिथेच अडकतो. आठवड्यातून एकदा मीटर माहीत असलेल्या द्रावणात बुडवून तपासा.

किती हवा? साधारण ८ च्या आसपास, पण दोन्ही धातूंचं पथ्य वेगळं आणि शाईवाल्याचा आकडा अंतिम. ॲल्युमिनियमला आम्लही खातं आणि अल्कलीही खाते. पीएच ८.५ च्या वर चढला की पाण्याशी त्याची प्रक्रिया वेग घेते, हायड्रोजन वायू सुटतो आणि चकाकणारे कण पांढरट हायड्रॉक्साइड होतात. कारखाना कणांवर संरक्षक लेप देतो, पण लेप म्हणजे काही कवचकुंडलं नव्हेत. तांब्याच्या शाईचा वैरी अमोनिया: तांब्याशी तो निळा-हिरवा संयोग करतो. म्हणून पीएच वाढवायला दुकानातला अमोनिया कधीच घालू नका, वार्निशसाठी चालतो म्हणून इथेही चालेल असं नाही. शाईवाल्याकडूनच त्या शाईचं नियामक द्रव घ्या. बादलीच्या वजनाच्या अर्धा टक्का घाला, दहा मिनिटं फिरू द्या, पुन्हा मोजा. पुष्कळदा एवढ्यानेच घट्टपणा उतरतो आणि पाणी घालायची वेळच येत नाही. तरी घट्ट राहिली तर ताजी शाई मिसळा, आणि पाणी सगळ्यात शेवटी, थोडं थोडं.

बादलीला झाकण लावा, नळीपुरतं भोक ठेवून. दिवसात वाया जाणारी निम्मी मेहनत या झाकणाने वाचते.

चौथी: कोणतं पाणी?

मराठवाड्यात हा प्रश्न वेगळाच विचारावा लागतो. नळाला पाणी चार-आठ दिवसांनी, मधे टँकर, आणि उरलेल्या वेळी बोअर. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. अशा मुलखात शाईत कोणतं पाणी पडलं हे हेल्परलाही ठाऊक नसतं. आपल्या काळ्या बेसॉल्ट खडकातून आलेलं बोअरचं पाणी बहुधा जड असतं, त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. हे दोन्ही ॲक्रिलिक इमल्शनला फोडतात, आणि धातूवर लावलेल्या स्टिअरिक आम्लाशी त्यांचा न विरघळणारा साबण होतो. भांड्यावर क्षार बसतो ना, तसं काहीसं शाईच्या आत. बारीक कणी येते, ती ब्लेडखाली अडकते, ॲनिलॉक्समध्ये बसते.

जालन्याला एका प्रेसमध्ये दर सोमवारी सोनं बिघडायचं. फक्त सोमवारी. शाईची बॅच बदलली, ब्लेड बदललं, रोलर धुतला, काही फरक नाही. शेवटी कळलं की रविवारी टाकी रिकामी होते आणि सोमवारी सकाळी बोअर चालू करतात. मंगळवारी टँकर येतो.

आरओवाल्यांकडे मिळणारा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) घ्या. टीडीएस म्हणजे जडपणा नव्हे, पण इशारा पुरेसा मिळतो. आकडा काही शेकड्यांत असेल तर ते पाणी शाईत घालू नका. खात्री करायची असेल तर दोन काचेचे ग्लास घ्या, दोन्हीत सारखी शाई, एकात नेहमीचं पाणी आणि दुसऱ्यात आरओचं किंवा बॅटरीचं, सारख्या मापाने. रात्रभर झाकून ठेवा. सकाळी एकात गाळ-कणी आणि दुसऱ्यात नाही, तर निकाल लागला. शाईसाठी आरओच्या पाण्याचा २० लिटरचा जार वेगळा ठेवा, त्यावर मोठ्या अक्षरांत लिहा, आणि तरी कुणीतरी त्यातलं पिणारच हे गृहीत धरा.

पाचवी: चेंबर आणि ब्लेड

इथून पुढे मशीन बंद, मुख्य स्विच बंद, आणि चावी खिशात. फिरता रोलर फडक्याने पुसताना गेलेली बोटं मी पाहिली आहेत.

चेंबर उघडा. कोपऱ्यात वाळलेल्या शाईची पापुद्री दिसेल, विशेषतः वीज गेल्यानंतर. आपल्याकडे वीज सांगून जात नाही, आणि पंप थांबला की ॲनिलॉक्सवरची शाई उन्हाळ्यात चार-पाच मिनिटांत सुकते. ॲक्रिलिक एकदा सुकलं की पाण्याने सुटत नाही. म्हणून कोटरशेजारी पाण्याची फवारणी बाटली कायम भरलेली असावी. वीज गेली की फीडर, पाइल (शीटची थप्पी) सगळं नंतर. आधी रोलर ओला करा.

ब्लेड बोटाने नाही, भिंगाने तपासा. धातूचे कण ब्लेड झिजवतात. साध्या वार्निशवर जितके दिवस टिकतं तितकं इथे टिकत नाही. धार गोल झाली की जास्त शाई सुटते, आणि माणूस दाबायला जातो. दाबलं की ब्लेड वाकतं, धारेऐवजी पोटाने पुसतं, आणि आणखी शाई सोडतं. दाब वाढवावासा वाटला की ब्लेड बदला. ब्लेड ॲनिलॉक्सच्या मानाने फारच स्वस्त आहे. टोकांची सीलंही बघा. तिथून हवा आत गेली की फेस होतो, आणि फेस दिसला की लोक डिफोमर ओततात. डिफोमर थेंबाच्या हिशेबाने. जास्त झालं तर शाई कागदावर माशाच्या डोळ्यासारखी गोल गोल फाकते, आणि त्यावर बादली फेकण्याशिवाय उपाय नाही.

सहावी: ॲनिलॉक्स खरंच भरलाय का?

वरचं सगळं बरोबर, कप बरोबर, पीएच बरोबर, तरी चमक कमी. आता संशय ॲनिलॉक्सवर. तो धुण्याआधी एक हिशेब करा, त्याला फक्त वजनकाटा लागतो.

बादलीचं वजन करा, १००० शीट छापा, पुन्हा वजन करा. मधे काही घातलं तर तेही धरा. समजा एका शीटवर मेटॅलिकचं क्षेत्र ०.२ चौरस मीटर आहे. हजार शीटचे २०० चौरस मीटर. १ किलो शाई गेली असेल तर चौरस मीटरला ५ ग्रॅम ओली शाई बसली. जॉबच्या पहिल्या दिवशी हा आकडा लिहून ठेवा. पुढे कप तोच, रोलर तोच, आणि आकडा ५ वरून ३.५ वर आला, तर शाई निर्दोष आहे, खड्डे बुजलेत. आकडा तेवढाच असूनही चमक गेली असेल, तर खड्डे बरे आहेत आणि शाईच म्हातारी झालीय. या एका हिशेबाने मी किती शेठ आणि शाईवाले यांची भांडणं मिटवली असतील.

डोळ्याने बघायचं तर १०० पटीचा हातातला मायक्रोस्कोप लागतो. सेंटिमीटरला १०० रेषांचा रोलर असेल तर एका खड्ड्यापासून दुसऱ्यापर्यंत १०० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग. स्वच्छ रोलर मधमाशांच्या रिकाम्या पोळ्यासारखा दिसतो, बुजलेला मधाने भरलेल्या पोळ्यासारखा.

धुण्यासाठी ॲनिलॉक्सचं अल्कधर्मी क्लीनर, लावून सांगितली तेवढीच मिनिटं ठेवायचं, मग ब्रश, मग आरओचं पाणी, मग कोरडं. सिरॅमिक रोलरला स्टेनलेस स्टीलचा बारीक ब्रश, क्रोमच्या रोलरला पितळेचा. उलट करू नका: सिरॅमिक इतकं कडक असतं की पितळच झिजून खड्ड्यांत बसतं. क्लीनर पूर्ण धुवून काढा, नाहीतर उरलेली अल्कली पहिल्या बादलीतल्या ॲल्युमिनियमला खायला बसते.

धुऊनही खड्डे उघडत नसतील तर तिथे थांबा. पटाशी, सुई, पॉलिश पेपर, यातलं काही नको.

रोलरच चुकीचा असेल तर? वार्निशचा रोलर मेटॅलिकला वापरून 'सोनं फिकं' म्हणणारे पुष्कळ भेटतात. मेटॅलिकला जास्त घनफळाचे खड्डे लागतात. किती, ते शाईवाला त्याच्या कणाच्या आकारावरून सांगतो. विचारा.

सातवी: प्रेशर

थोडक्यात: कमी. सोनेरी भागाच्या कडेला गडद किनार आणि आत फिकट, असं दिसलं तर प्लेट कागदावर दाबली जातेय आणि शाई बाजूला पिळली जातेय. ०.०५ मिलिमीटरच्या पायऱ्यांनी मागे या. चमक वाढवायला प्रेशर वाढवणं म्हणजे भाकरी फुगत नाही म्हणून तिच्यावर बसणं.

आठवी: वाळवणं, ऋतूप्रमाणे

उन्हाळ्यात आपला त्रास लवकर वाळण्याचा, श्रावणात न वाळण्याचा. मे महिन्याच्या दुपारी आर्द्रता इतकी उतरते की कण झोपायच्या आत थर सुकतो. मी उन्हाळ्यात मेटॅलिकचे जॉब पहाटे चारला सुरू करायला लावतो. मशीनमन शिव्या देतात, पण वाया जाणारा कागद कमी झाला की गप्प होतात. शेडमधली आर्द्रता ५० ते ५५ टक्के ठेवता आली तर उत्तम, ओली पोती टांगूनही फरक पडतो.

पावसाळ्यात उलट. इन्फ्रारेड दिवे वाढवून फार उपयोग होत नाही, कारण धातूचा थर ती उष्णता आरशासारखी परत फेकतो, चंदेरी तर फारच. कामाला येते ती गरम हवा आणि त्याहून जास्त ओली हवा बाहेर ओढणारा पंखा. त्या पंख्याची जाळी कागदाच्या धुळीने गच्च झालेली असते; ती काढून झटका, निम्मं काम होतं. पाइलमध्ये थर्मामीटर खुपसून बघा. ३५ च्या आसपास ठीक, ४० च्या पुढे गेली की थर मऊ पडतो आणि शीट एकमेकींना चिकटतात. मग पाइल कमी उंचीची ठेवा आणि वेग उतरवा.

नववी: कागद आणि खालचे रंग

हे शेवटी ठेवलंय कारण इथे उपाय महाग आहे. ग्रे बॅक डुप्लेक्सचं (मागून करड्या पुठ्ठ्याचं) कोटिंग हलकं असलं की पाणी आणि रेझिन पिऊन टाकतं आणि धातू वर कोरडा राहतो: चट्टे पडतात, बोटाला सोनं लागतं. त्याच शाईच्या दहा शीट चांगल्या एफबीबीवर (फोल्डिंग बॉक्स बोर्ड) छापून बघा. तिथे चमकली तर पार्टीला कागद बदलायला किंवा खाली प्रायमर घ्यायला सांगा, आणि तो खर्च कोटेशनमध्ये आधीच धरा.

खालच्या ऑफसेट शायांत मेण जास्त असेल तर त्यावर पाण्याची शाई तेलकट तव्यावरच्या पाण्यासारखी गोळा होते. रिफ्लेक्स ब्लू, ऱ्होडामाइन, जांभळा आणि वॉर्म रेड यांचे नेहमीचे रंगकण अल्कलीत टिकत नाहीत. वर मेटॅलिक आलं की रंग फिरतो. जॉबमध्ये हे रंग असतील तर शाई मागवतानाच 'अल्कली फास्ट' लिहून मागवा. मिठाईच्या डब्याला आणखी एक: खाद्य वेष्टनांच्या शाईसाठी भारतीय मानक आयएस १५४९५ आहे, त्याला धरून असल्याचं शाईवाल्याकडून लेखी घ्या, आणि सोनं डब्याच्या बाहेरच्याच बाजूला.

कुठे थांबायचं

फुगलेला डबा. लातूरला एका पोराने मला फोनवर सांगितलं, "काका, चांदीचा डब्बा फुगूलालाय बगा, ठोकून बसवू का?" ठोकू नको, बाळा. आत हायड्रोजन असतो, तो ठिणगीने पेटतो. डबा उन्हातून हलवून मोकळ्या हवेत, सावलीत ठेवा, आसपास बिडी-सिगारेट, वेल्डिंग, स्विच काही नको, आणि शाईवाल्याला बोलवा. मिसळून उरलेली शाई मूळ डब्यात परत ओतू नका आणि हवाबंद करू नका, हेच बहुतेक वेळा कारण असतं. वाळलेली चंदेरी पावडर कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका, झाडूही नका. ॲल्युमिनियमची धूळ स्फोटक असते आणि ती पेटली तर पाणी मारायचं नाही, कोरडी वाळू टाकायची.

हिरवी पडलेली किंवा जमलेली शाई गाळून, पातळ करून वाचत नाही. ती आणि धुवणाचं पाणी गटारात सोडू नका, त्यात तांबं असतं. वेगळ्या पिंपात साठवून अधिकृत कचरा उचलणाऱ्याला द्या.

आडवे पट्टे प्रेशर कमी करूनही राहिले, ॲनिलॉक्सवर ओरखडा किंवा टोचा दिसला, धुऊनही वजनाचा आकडा परत आला नाही, ड्रायरचा फ्यूज दोनदा उडाला, किंवा कोटरचं गार्ड उघडलं तरी मशीन चालू राहतंय: यातलं काहीही असेल तर तुमचं काम संपलं. पहिल्या चारांसाठी मशीनचा किंवा रोलरचा इंजिनिअर येईपर्यंत दुसरा जॉब लावा. शेवटच्यासाठी मशीनच बंद ठेवा, शेठ काहीही म्हणो.

इंजिनिअर पुण्याहून किंवा मुंबईहून येतो आणि तासाचे पैसे लावतो. तो पोचायच्या आत टेबलावर एवढं मांडून ठेवा: नंबर टाकलेल्या शीट वेळेप्रमाणे लावून, कप-अंश-पीएचची वही, बादलीच्या वजनाचा हिशेब, शाईचा बॅच नंबर, पाण्याची एक बाटली, आणि बदललेलं जुनं ब्लेड कागदात गुंडाळून. आणि त्याला सांगू नका की सगळं करून बघितलं. काय केलं आणि कोणत्या क्रमाने केलं, ते सांगा.